साडेसातचा दर

खाली ट्रॅक्टरचे सुटे भाग, वर आम्ही.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, ट्रेवर जुनी सतरंजी,
आणि पन्नास वॅट:
एका पंख्याला लागते तेवढी वीज
आणि पोचतो तेवढाच वारा.
तासगावातून निघालेला आमचा आवाज
मणेराजुरीच्या चढावर धाप लागून बसायचा.

हिशेब मी लिहायची. माईकवरही मीच.
म्हणून दोन्ही मला ठाऊक,
बोलणं, आणि बोलण्याला पडणारा खर्च.

पुण्याहून कर्णिक आले सल्ला द्यायला.
म्हणाले, तुमचं स्टेशन म्हणजे सोमवारचा बाजार,
भांड्यांशेजारी मेथी, मेथीशेजारी चपला.
एकच काहीतरी विका.
फक्त गाणी, नाहीतर फक्त शेती, नाहीतर फक्त देव.
डोळे मिटून बटण दाबलं तरी
माणसाला कळलं पाहिजे आपण कुठं आलो.

गाण्यांना कान भरपूर,
पण दर गाण्यामागे मुंबईत कुणीतरी
हात पुढे करून उभा.
शेतीला औषधवाले पैसे द्यायचे,
मग सल्लाही त्यांच्याच बाटलीतून यायचा.
देव फुकट.
भजनी मंडळं रिक्षाभाडंसुद्धा मागत नसत,
फक्त एकदा बसली की उठत नसत.
राहिला दुपारचा बेदाण्याचा भाव, चार मिनिटं.
शीतगृहवाल्या बिरनाळ्यांनी वर्षाचा घेतलेला.
त्या चार मिनिटांच्या ताटात
बाकीचे दहा तास जेवायचे.

तेव्हा बाबालाल तांबोळींनी
मिस्ड कॉलची वही पुढं सरकवली.
मिनिटाला रुपया पडायचा त्या दिवसांत,
न उचललेल्या फोनला काहीच नाही,
म्हणून आमचे श्रोते असेच बोलायचे.
कर्णिकांचं बोट वहीवरून खाली आलं आणि थांबलं.
सकाळी साडेसात. निधन वार्ता.
कोण गेलं, कुठल्या गल्लीतलं,
माती किती वाजता, रक्षाविसर्जन कधी.
खर्च शून्य.
तोंडात ब्रश धरून अख्खा तालुका उभा.

'हे विका,' कर्णिक म्हणाले. 'दुप्पट दरानं.'

विकायला मीच गेले.
साडीवाल्यानं हात जोडले.
डेअरीचे चौगुले म्हणाले, 'ताई, मढ्याशेजारी दूध?'
विमा एजंट तयार झाला,
इतका पटकन तयार झाला की मीच उठले.
मंडपवाला आवटी हसला,
'मी तिथं जातोच की. पुन्हा नाव कशाला?'

परतताना बेदाण्याच्या शेडमध्ये पाणी प्यायला थांबले.
चाळीस बायका काड्या निवडत होत्या,
मध्ये खुंटीवर आमचाच रेडिओ.
यांना कुठलाच जाहिरातदार मोजत नव्हता,
आणि ऐकत तर दिवसभर याच होत्या.
इंदुबाई मगदूम मान वर न करता म्हणाली,
'बाई गेली की नुसतं नवऱ्याचं नाव वाचतीस.
कोण गेली, आम्हाला कळायचं कसं?
माहेर सांगत जा.'

माहेराला पाच सेकंद लागतात.
त्या पाच सेकंदांचा दर मी कर्णिकांना विचारला नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाचू लागले:
अमुक यांच्या पत्नी, माहेर सावळज.
अमुक यांच्या आई, माहेर विसापूर.
जमेच्या रकान्यात रोज एक आडवी रेघ.

एका सकाळी येळावीची म्हातारी.
नवरा, मुलगे, जावई, सगळं चिठ्ठीत होतं.
माहेरच नव्हतं.
'माहेर' म्हणाले आणि गप्प झाले.
हवेत नुसता पंखा.
चार सेकंद, पाच. कर्णिकांनी बजावलं होतं,
गप्प बसलात की माणूस दुसऱ्या बटणावर गेला.

फोन वाजला.
सवयीनं वहीत काडी मारायला पेन उचललं.
दुसऱ्यांदा वाजला.
तिसऱ्यांदा. तुटेना.
कुणीतरी रुपया हातात धरून
पलीकडं थांबलं होतं.